अर्धवट राहिलेल्या व्हिडिओ गेमची नोंद कशी ठेवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या संग्रहातील गेमची यादी करायला बसलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. पूर्ण झालेल्या गेमचे नाव आणि तारीख लिहिली की काम भागते. अडचण होते ती अर्धवट राहिलेल्यांची, म्हणून हे पान केवळ त्यांच्यापुरते आहे. सुरुवातीचे प्रश्न नव्याने यादी करणाऱ्यांसाठी असून अपवाद आणि पेच पुढे येतात.

१. गेम अर्धवट आहे असे नेमके कधी म्हणायचे? शेवटी क्रेडिट्स दिसले की गेम संपला का?

ज्या गेमला मुख्य कथा आहे, ती कथा शेवटास जाऊन क्रेडिट्स, म्हणजे गेम बनवणाऱ्यांची नामावली, दिसले की गेम पूर्ण. आणि सुरू केला, पण तिथपर्यंत पोहोचलो नाही, तर अर्धवट. ही व्याख्या बहुतेक संग्रहांना पुरते. प्लॅटिनम ट्रॉफी (गेममधील बाकी साऱ्या ट्रॉफी मिळवल्यावर मिळणारी) मिळाली नाही म्हणून गेम अर्धवट मानणारेही आहेत आणि त्यात गैर काही नाही. मात्र मग तोच निकष साऱ्या यादीला लावावा लागतो, आणि माझ्या मते त्यामुळे यादीचा उपयोगच कमी होतो, कारण मन लावून संपवलेले आणि दोन लेव्हलनंतर टाकून दिलेले गेम एकाच ढिगात जाऊन पडतात. ट्रॉफींसाठी वेगळा रकाना ठेवणे बरे. शेवट नसलेल्या गेमसाठी प्रश्न ९ आणि अनेक शेवट असलेल्यांसाठी प्रश्न १० पाहावा.

२. नोंद कशात ठेवावी? वही चालेल का, की एखादे ॲप लागेलच?

पन्नासेक गेमपर्यंत वही उत्तम चालते. त्यापुढे क्रम लावणे आणि शोधणे महत्त्वाचे होते, म्हणून एक्सेल किंवा गूगल शीट्स घ्यावे. संगणकावरील गेम अनेक दुकानांत विखुरले असतील, तर विंडोजवर चालणारे प्लेनाइट हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्टीम, एपिक, गॉग अशा खात्यांतील गेम एकाच यादीत आणते आणि प्रत्येक गेमला स्थिती लावू देते. बॅकलॉगरीसारख्या संकेतस्थळांवरही अशी यादी ठेवता येते. मात्र साधन कोणतेही असले, तरी आपली यादी साध्या फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय त्यात आहे की नाही, हे आधी तपासावे; ज्यातून नोंदी बाहेर काढता येत नाहीत, अशा ठिकाणी वर्षानुवर्षांची मेहनत ओतू नये.

३. प्रत्येक नोंदीत कोणकोणते रकाने असावेत?

नाव, कन्सोल किंवा प्लॅटफॉर्म, प्रत कोणत्या स्वरूपात आहे (कॅसेट, डिस्क, डाउनलोड, वर्गणीतून मिळालेला), स्थिती, शेवटचे खेळल्याची तारीख, सेव्ह (जतन केलेली प्रगती) कुठे आहे, कुठे थांबलो, का थांबलो आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिले काय करायचे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली, तर ती साधा मजकूर म्हणून नोंदली गेली तरी क्रम बरोबर लागतो.

यांतील शेवटचे तीन रकाने बहुतेक याद्यांत नसतात. विकासक, प्रकाशक, प्रदर्शनाचे वर्ष, मुखपृष्ठाचे चित्र ही माहिती १९९९ पासून चालू असलेल्या मोबीगेम्ससारख्या कोशात केव्हाही मिळते, आणि तरीही लोक पहिले दोन रविवार तीच भरण्यात घालवतात. तुम्ही कुठे आणि का थांबलात, हे मात्र तुमच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही ते आठवत नाही. वेळ कमी असेल तर बाकी सारे कोरे ठेवून हे तीन रकाने भरावेत.

४. "थांबवला" आणि "सोडला" या दोन्ही स्थिती कशाला हव्यात?

कारण त्यांपुढे करायचे काम वेगळे असते. थांबवलेल्या गेमकडे परतायचे असते, त्यामुळे त्याचा सेव्ह सांभाळावा लागतो. सोडलेल्या गेमकडे परतायचे नसते आणि त्याची डिस्क विकायला हरकत नसते. माझ्या मते चार स्थिती पुरेशा आहेत: चालू, थांबवला, सोडला आणि अडला. "अडला" म्हणजे खेळण्याची इच्छा आहे, पण डिस्कवर ओरखडा आहे, कन्सोल बिघडला आहे, सेव्ह उघडत नाही किंवा सर्व्हर बंद पडला आहे. ही स्थिती वेगळी ठेवली नाही, तर दुरुस्तीने सुटणारे गेम कंटाळ्याने टाकलेल्यांत मिसळून जातात. तीन महिने हात न लागलेला "चालू" गेम आपोआप "थांबवला" समजावा, असा नियम केला की यादी खरी राहते.

५. कुठे थांबलो हे किती तपशिलाने लिहायचे? "अर्धा झाला" असे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही, कारण "अर्धा" या नोंदीवरून पुन्हा खेळायला बसता येत नाही.

उदाहरणासाठी आपल्याकडे संगणक असलेल्या असंख्य घरांत पोहोचलेला जीटीए मालिकेतील व्हाइस सिटी घेऊ. संगणकावर हा गेम २००३ मध्ये आला. पुष्कळांनी तो चीट टाइप करून, रणगाडा मागवून, शहरभर फिरण्यापुरताच खेळला, आणि ज्यांनी मिशने मनावर घेतली त्यांच्यातील कितीतरी जण एव्हरी कॅरिंग्टन या पात्राने दिलेल्या त्या मिशनपाशी थबकले, ज्यात रिमोटच्या छोट्या हेलिकॉप्टरने बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे असतात. आता दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली: "हेलिकॉप्टरचे मिशन, जमत नाही." दुसरी: "सेव्ह दुसऱ्या जागेवर. हेलिकॉप्टरचे मिशन, तीन बॉम्ब बसतात, चौथ्याला वेळ संपते. घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावरच सुरू होते, म्हणून आधी रिकामे हेलिकॉप्टर आत फिरवून जिने पाहून घ्यायचे आणि आडवी येणारी माणसे दूर करायची. हेलिकॉप्टर वर-खाली नेण्याच्या कळा सेटिंगमध्ये बदललेल्या आहेत." दुसरी नोंद लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि पाच वर्षांनीही ती वाचून तिथूनच पुढे जाता येते.

कळांबद्दलचे ते शेवटचे वाक्य वरवर किरकोळ वाटते, पण जुना गेम पुन्हा उघडून दहा मिनिटांत बंद करण्याचे सर्वांत मोठे कारण तेच असते: कथा थोडीफार आठवते, बोटे मात्र सारे विसरलेली असतात. म्हणून कोणती कळ कशासाठी, हे लढाईच्या आणि भूमिकाप्रधान (आरपीजी) गेमच्या नोंदीत अवश्य लिहावे. भूमिकाप्रधान गेममध्ये आपले पात्र कोणत्या प्रकारचे घडवत होतो आणि कोणती शस्त्रे मुद्दाम जपून ठेवली होती, हेही लिहावे. नाहीतर परतल्यावर पहिल्याच दुकानात ती विकली जातात.

६. स्टीम माझे चाळीस तास दाखवते आणि गेम स्वतः ३५ टक्के सांगतो. यांपैकी काय नोंदवू?

दोन्ही नोंदवले तरी कोणत्याही एकावर विसंबू नये. स्टीम गेम उघडा असल्याचा वेळ मोजते. जेवताना विराम देऊन ठेवलेला गेमही त्यात धरला जातो. टक्केवारीची व्याख्या प्रत्येक गेम आपापली करतो. व्हाइस सिटीच्या टक्केवारीत शहरभर लपवलेली शंभर पाकिटे आणि दुय्यम कामेही येतात, त्यामुळे कथा संपवूनही आकडा शंभराच्या बराच खाली राहतो. आपण कुठवर आलो याचा अंदाज हवा असेल, तर हाऊ लाँग टू बीट या संकेतस्थळावर खेळाडूंनी नोंदवलेल्या वेळांची सरासरी मिळते. केवळ मुख्य कथा, कथा आणि जोडकामे, आणि सर्व काही असे तिचे वेगवेगळे आकडे असतात. आपल्या नोंदीत मात्र प्रकरणाचे किंवा मिशनचे नाव टक्क्यांपेक्षा उपयोगी पडते.

७. विकत घेतले पण कधीच उघडले नाहीत, असे गेम अर्धवट धरायचे का?

धरू नयेत. ते "न उघडलेले" म्हणून वेगळ्या पानावर ठेवावेत. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक गेम्स स्टोअर सुरू होऊन मोफत गेमचा रतीब लागल्यापासून अनेकांच्या खात्यांत त्यांनी स्वतः कधी निवडलेही नसते असे शेकडो गेम साठले आहेत, आणि ते अर्धवटांच्या यादीत घातले की खरे अर्धवट गेम दिसेनासे होतात. सुरुवातीचा सराव संपण्यापूर्वीच बंद केलेला गेमही मी "न उघडलेला" मानतो.

८. गेमची नावे मराठीत लिहावीत की डब्यावर आहेत तशी?

नावाचा रकाना डब्यावरील रोमन अक्षरांतच ठेवावा, कारण शोध, क्रम आणि इतर कोशांशी जुळणी त्यावरच चालते. टिपा मात्र बेलाशक मराठीत लिहाव्यात. "या बॉसला (मोठ्या शत्रूला) डावीकडून गाठायचे, उजवीकडे गेलो की मेलो" हे ज्या भाषेत सुचले त्याच भाषेत लिहिले, तर नंतर वाचताना चटकन उमगते.

९. ज्या गेमला शेवटच नाही त्याचे काय करायचे?

येथे पूर्णतेची खूण आपण ठरवून, खेळण्याआधी लिहून ठेवायची असते. टेट्रिस संपत नाही. त्याच्या निन्टेन्डोवरील आवृत्तीत डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील तेरा वर्षांचा एक मुलगा गेम गोठून पडेपर्यंत पोहोचला, पण तो मापदंड तुम्हाआम्हाला लावण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकातील कॅसेटवरचा टँकचा गेम, म्हणजे बॅटल सिटी, यात ३५ लेव्हल आहेत आणि त्या संपल्या की त्याच पुन्हा येतात. तेव्हा पस्तिसावी ओलांडली की पूर्ण, असे धरणे रास्त आहे. शेतीच्या स्टारड्यू व्हॅलीमध्ये तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबा येऊन कामाचे मूल्यमापन करतात; ती जागा अनेकजण स्वाभाविक शेवट मानतात. जिथे अशी खूणच सापडत नाही, तिथे "अखंड" ही स्थिती लावून गेम अर्धवटांच्या यादीतून काढून टाकावा.

१०. एका गेमला अनेक शेवट असतील तर पहिल्या शेवटाला गेम पूर्ण म्हणायचा का?

पहिला शेवट हा कथेचा खरा शेवट आहे की नुसता टप्पा, यावर ते ठरते. हेडीसमध्ये पाताळातून पहिल्यांदा निसटलो की विजय मिळतो, पण क्रेडिट्स दिसतात ते दहाव्या यशस्वी सुटकेनंतर. म्हणून पहिल्या सुटकेनंतर थांबलेला गेम अर्धवटच. २०१७ च्या निअर ऑटोमाटामध्ये उलट गंमत आहे. क्रेडिट्स पहिल्यांदा सरकतात तेव्हा कथेचा मोठा भाग बाकी असतो, आणि गेमला इंग्रजी अक्षरांगणिक एकूण २६ शेवट असले तरी त्यांतील पहिले पाच मुख्य असून उरलेले बहुतांशी थट्टेचे आहेत. अशा वेळी "पाचपैकी दोन शेवट" असे लिहावे.

याच गेममुळे आणखी एक प्रश्न वारंवार येतो (ज्यांना रहस्य राखायचे आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा). पाचव्या शेवटानंतर गेम तुम्हाला, अनोळखी खेळाडूंना मदत म्हणून, स्वतःचा सेव्ह पुसून टाकायला तयार आहात का असे विचारतो. होकार दिला की सारे सेव्ह खरोखरच पुसले जातात आणि पुढे कोणी सेव्ह शोधले, तर काहीच सापडत नाही. म्हणून सेव्ह हा पुरावा आणि नोंद हा त्याचा सारांश, असे मानू नये. नोंद स्वतंत्रपणे, त्याच दिवशी करावी.

११. एकाच डब्यात अनेक गेम आले किंवा नंतर डीएलसी (मूळ गेमला जोडायचा वेगळा डाउनलोड) घेतले, तर नोंदी किती?

वस्तू एक असली तरी नोंदी गेमगणिक कराव्यात. २००७ च्या ऑरेंज बॉक्समध्ये पाच गेम आहेत: हाफ-लाइफ २, त्याचे दोन भाग, पोर्टल आणि टीम फोर्ट्रेस २. एकच ओळ लिहिली, तर ती कधीच "पूर्ण" होणार नाही, कारण टीम फोर्ट्रेस २ ला शेवट नाही. पाच ओळी केल्या की चित्र स्पष्ट होते. पोर्टलमध्ये प्रत्येक दालनाच्या दाराशी क्रमांक मोठ्या अक्षरांत झळकतो, तोच टिपून ठेवावा. हाफ-लाइफ २ च्या त्या दोन भागांपैकी दुसऱ्याची (एपिसोड टू) कथा ऐन मोक्याच्या क्षणी तुटते आणि तिसरा भाग आलाच नाही. तरी तुमच्याकडून तो खेळून झाला आहे, म्हणून तो पूर्ण.

डीएलसीला स्वतःची कथा असेल तरच वेगळी ओळ करावी. द विचर ३ ची हार्ट्स ऑफ स्टोन (२०१५) आणि ब्लड अँड वाइन (२०१६) ही विस्तारप्रकरणे त्या तोलाची आहेत. नव्या पोशाखांच्या पुडक्याला ओळ देण्याची गरज नाही. डीएलसी अर्धवट असले म्हणून मूळ गेमची स्थिती मात्र बदलू नये.

१२. गेमच अर्धवट अवस्थेत विकला गेला असेल तर?

अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे तयार होत असतानाच विक्रीस आलेला असताना, घेतलेल्या गेमपुढे तसे लिहून आवृत्तीचा क्रमांक टिपावा. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० मध्ये असा विक्रीस आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा आधीचे सेव्ह नव्या आवृत्तीत चालले नाहीत. अशा वेळी जुनी नोंद बंद करून नवी उघडावी लागते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा "राजी" (२०२०) याच्या नेमका उलट आहे. तो पूर्ण गेम म्हणून आला, पण पाचेक तासांनी कथा अचानक थांबते आणि आपलाच गेम बिघडला की काय, असे खेळणाऱ्याला वाटते. क्रेडिट्स दिसले असतील तर तो पूर्ण झाला. कथा अपुरी वाटली, हे टिपेत लिहावे. स्थितीच्या रकान्यात आपले मत घुसवू नये.

१३. तोच गेम दोन कन्सोलवर अर्धवट आहे. काय करू?

सेव्ह एकमेकांशी जोडलेले नसतील तर दोन ओळी कराव्यात आणि त्यांतील पुढे गेलेली "थांबवला", दुसरी "सोडला" ठरवून मोकळे व्हावे. कन्सोल बदलताना सेव्ह हलतो की नाही, हे आधी पाहावे: पीएस४ वरील सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवता येतो, पण पीएस५ च्या गेमचा सेव्ह तसा सुटा उतरवता येत नाही, त्याची वेगळी प्रत ठेवायला वर्गणीसह मिळणारे क्लाउड लागते.

१४. जुन्या कॅसेटमधील सेव्ह अजून आहे का, हे कसे कळेल? आणि तो नोंदवायचा कसा?

आपल्याकडे घरोघरी जे कन्सोल होते ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला होत्या आणि त्यांच्या "इतक्या गेमची एक" कॅसेटमध्ये सेव्हची सोयच सहसा नसे. काँट्रा असो वा मारिओ, वीज गेली की पहिल्यापासून. तेव्हा त्यांच्यापुढे "सर्वांत दूरची लेव्हल" एवढेच लिहिता येते. काँट्रात एकूण आठ लेव्हल आहेत, आणि तीस जीवांचा कोड वापरला होता का, तेही प्रामाणिकपणे लिहावे.

गेम बॉयच्या अस्सल कॅसेटची गोष्ट निराळी आहे. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सेव्ह आतील बटण सेलच्या जोरावर टिकतो. सेल संपला की सेव्ह जातो, आणि सेल बदलायला काढला तरीही जातो. म्हणून आधी कॅसेट रीडरने सेव्ह संगणकावर उतरवून मगच डाग द्यायला (सोल्डरिंगला) बसावे. याउलट पोकेमॉन रुबी आणि सफायरमध्ये "आतील बॅटरी संपली" असा संदेश दिसला तरी घाबरू नये. तिथे सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, सेलवर फक्त घड्याळ चालते, त्यामुळे वेळेशी बांधलेल्या घटना तेवढ्या थांबतात. रुबीची नोंद "थांबवला" राहते. सेव्ह गेलेल्या गोल्डला मात्र "नव्याने सुरू करावा लागेल" असा शेरा लागतो.

पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात १५ कप्पे असतात. कार्डावर बारीक चिठ्ठी चिकटवून क्रमांक घालावा आणि "सेव्ह कुठे" या रकान्यात कार्डाचा क्रमांक लिहावा; नाहीतर जागा करण्यासाठी घरातील कोणीतरी नेमका तुमचाच कप्पा पुसते (प्रश्न १६ पाहावा).

१५. सर्व्हर बंद झालेले किंवा वर्गणीतून निघून गेलेले गेम यादीत ठेवावेत का?

ठेवावेत, पण स्थिती वेगळी असावी. युबिसॉफ्टचा द क्रू २०१४ चा. त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि सतत इंटरनेट लागत असल्याने एकट्याने खेळण्याचा भागही त्यासोबत गेला. ज्याची डिस्क कपाटात आहे त्याच्याही हाती काही उरले नाही. अशा गेमपुढे "अडला" लिहून तारीख घालावी, "सोडला" लिहू नये. सोडण्याचा निर्णय तुमचा नव्हता. गेम पास किंवा प्लेस्टेशन प्लसमधून निघालेला गेम मात्र पुन्हा विकत घेता येतो, आणि एक्सबॉक्सवर सेव्ह सहसा क्लाउडमध्ये टिकून असतो, म्हणून त्यापुढे "थांबवला, प्रत हाती नाही" हे पुरेसे आहे.

१६. घरात दोघे भावंडे एकच गेम खेळतो. तो माझ्यासाठी अर्धवट आणि ताईसाठी पूर्ण असेल तर?

गेमची ओळ एक ठेवून स्थितीचे रकाने माणसागणिक करावेत. कठीण बॉस ताईने हरवून दिला असेल, तर तो टप्पा पार झाला असे धरावे की नाही, यावर एकमत होणे अवघड आहे. मी तो धरतो, आणि टिपेत तिचे श्रेय लिहितो.

१७. रस्त्यावरून घेतलेल्या नकली सीडीवर खेळलेले गेम नोंदवावेत का?

खेळल्याची नोंद करावी, संग्रहातील प्रत म्हणून करू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातील सायबर कॅफेत मिळालेल्या त्या सीडींत पुष्कळदा चित्रफिती आणि संवाद जागा वाचवण्यासाठी काढून टाकलेले असत, त्यामुळे गेम संपवूनही कथा कळलेली नसे. "कापलेली प्रत" असा शेरा असला, की पुढे अधिकृत आवृत्ती घेताना पहिल्यापासून खेळायचे की नाही ते ठरवता येते.

१८. विकून टाकलेल्या अर्धवट गेमची ओळ पुसावी का?

पुसू नये. "प्रत हाती नाही" असे लिहून ओळ तशीच ठेवावी आणि सेव्ह बाहेर काढता येत असेल तर विकण्याआधी उतरवून घ्यावा. व्हाइस सिटीसारख्या गेमचे सेव्ह गेमच्या फोल्डरमध्ये नसून दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये वेगळे असतात. गेम काढून टाकला तरी ते सहसा राहतात, पण संगणक फॉरमॅट केला की जातात. म्हणून फॉरमॅटसाठी संगणक दुकानात देण्याआधी तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावा आणि पेनड्राइव्हचे नाव "सेव्ह कुठे" या रकान्यात लिहावे.